कंब्रिया, आर्थर आणि वेल्सची भांडखोर राज्यं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटनच्या दंतकथांतला आर्थर राजा म्हटलं की डोळ्यांपुढे चिलखत, गोल मेज आणि कॅमेलॉटचे बुरूज उभे राहतात. हा सगळा थाट नंतरचा, आणि त्यातला बराचसा फ्रेंच दरबारी कवींनी चढवलेला. त्याच्या आधीचा आर्थर वेल्सच्या डोंगरांत भेटतो. तो रानडुकराच्या मागे धावतो, साधूच्या अंगरख्यावर डोळा ठेवतो, एका डुकरिणीच्या चोरीतही फसतो. मला हा आर्थर जास्त जवळचा वाटतो. त्याच्याबद्दल आणि त्याच्या मुलखाबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

कंब्रिया म्हणजे नेमका कुठला भाग?

आजचा वेल्स, म्हणजे ब्रिटन बेटाच्या पश्चिमेचा सुमारे २०,८०० चौरस किलोमीटरचा डोंगराळ तुकडा. ‘कंब्रिया’ हे त्याचं लॅटिन नाव. वेल्श लोक स्वतःच्या देशाला ‘कम्री’ म्हणतात. हा शब्द ‘एका मुलखातले सोबती’ अशा अर्थाच्या जुन्या ब्रिटिश शब्दापासून आला. ‘वेल्स’ हे नाव शेजारच्या अँग्लो-सॅक्सन लोकांनी दिलं आणि त्याचा अर्थ साधारण ‘परके’ असा होतो. मूळ रहिवाशांना बाहेरून आलेल्यांनी परकं म्हटलं आणि तेच नाव जगभर रूढ झालं.

बाराव्या शतकात जेफ्री ऑफ मॉनमथ या लेखकाने याला एक गोष्ट जोडली. ट्रॉयहून आलेला ब्रूटस हा ब्रिटनचा पहिला राजा, त्याच्या तीन मुलांत बेटाची वाटणी झाली आणि सेव्हर्न नदीपलीकडचा भाग कांबर नावाच्या मुलाला मिळाला, म्हणून तो कंब्रिया. ही व्युत्पत्ती रचलेली आहे. पण या प्रदेशाच्या गोष्टीची सुरुवातच भावांच्या वाटणीने व्हावी, हे पुढचा इतिहास पाहता अगदी जुळतं.

ही नावं उच्चारायची कशी?

मराठी माणसाला हे इंग्रजापेक्षा सोपं जातं. वेल्श लिपीत दोन ‘डी’ शेजारी आले की उच्चार आपल्या दंत्य ‘द’च्या जवळ जातो, म्हणून ‘ग्विनेद’. एक ‘एफ’ म्हणजे ‘व’, म्हणून ‘डवेद’. ‘डब्ल्यू’ बऱ्याचदा ‘उ’ असतो, म्हणून ‘माइलगुन’. अडतं ते फक्त दोन ‘एल’पाशी. जीभ ‘ल’ला लावायची आणि दोन्ही बाजूंनी हवा सोडायची. देवनागरीत त्याला अक्षर नाही.

आणखी एक ओळखीची गोष्ट म्हणजे नावातलं ‘आप’. त्याचा अर्थ ‘चा मुलगा’. ल्यवेलिन आप ग्रिफिद म्हणजे ग्रिफिदचा मुलगा ल्यवेलिन. मधलं नाव वडिलांचं लावणाऱ्या आपल्या लोकांना हे समजावून सांगावं लागत नाही.

राज्यं किती होती आणि कोणती?

आकडा शतकागणिक बदलतो. रोमन सत्ता इ.स. ४१० च्या सुमारास ब्रिटनमधून संपली आणि पुढच्या दोनेकशे वर्षांत इथे लहानमोठी राज्यं उभी राहिली. लक्षात ठेवायची ती ही:

ग्विनेद वायव्येला. सगळ्यांत उंच डोंगर याच्याकडे, आणि त्या डोंगरांमागे मोन बेटाची सुपीक शेतीही याच्याकडे. म्हणूनच हे राज्य सर्वांत चिवट ठरलं. त्याचा मूळपुरुष किनेदा हा आजच्या स्कॉटलंडमधून मुलांसह आला आणि त्याने आयरिश लोकांना हाकललं, असं परंपरा सांगते.

पोविस पूर्वेला, इंग्रजांच्या थेट सीमेवर. मार खाणं आणि परत उभं राहणं, हेच याचं नशीब.

डवेद नैऋत्येला. इथलं राजघराणं मुळात आयर्लंडहून आलेलं. कास्टेल ड्विरान इथे सापडलेल्या एका स्मारकशिळेवर लॅटिन आणि आयरिश ओघम अशा दोन्ही लिप्यांत एका राजाचं नाव कोरलेलं आहे, आणि त्याला ‘प्रोटेक्टर’ ही रोमन पदवी लावलेली आहे. रोमन जाऊन पिढ्या उलटल्या, राजा आयरिश वंशाचा, राज्य वेल्समध्ये, तरी मान हवा तो रोमन पदवीचा.

ग्वेंट आग्नेयेला. रोमनांच्या ‘व्हेंटा’ या बाजारपेठेच्या नावावरून हे नाव पडलं. यांच्या मधेमधे केरेडिगियॉन, ब्रखाइनिओग, ग्लवसिंग, एर्गिंग, बिएल्ट अशी आणखी राज्यं. त्यांतली काही इतकी लहान की एका डोंगरमाथ्यावरून सगळं राज्य दिसावं.

एकच मोठं राज्य का झालं नाही?

पहिलं कारण भूगोल. डोंगर मध्यभागी आणि सुपीक जमीन कडेकडेने. उत्तरेकडून दक्षिणेला जायचं तर एकामागून एक खोरं ओलांडावं लागतं. आजही वेल्समध्ये पूर्व-पश्चिम प्रवास सोपा आणि उत्तर-दक्षिण प्रवास वेळखाऊ आहे. लोकांची जगण्याची रीतही डोंगराला धरून होती. हिवाळ्यात खालच्या ‘हेंद्रे’त, म्हणजे जुन्या घरी राहायचं आणि उन्हाळ्यात गुरं घेऊन वरच्या ‘हावोद’वर जायचं. धन म्हणजे गाई. त्यामुळे लढाई म्हणजे बहुधा गाई पळवणं.

दुसरं कारण भाऊबंदकी. वेल्श कायद्याप्रमाणे बापाची जमीन सगळ्या मुलांत सारखी वाटली जायची, आणि बापाने कबूल केलेला अनौरस मुलगाही वाटेकरी असायचा. माणुसकीच्या दृष्टीने मला हा कायदा शेजारच्या इंग्लंडपेक्षा उजवा वाटतो. पण राजघराण्यात त्याचा परिणाम असा झाला की प्रत्येक राजा मेला की दावेदारांची रांग लागायची. सबंध वेल्सवर एकट्याने राज्य करण्याचं श्रेय जातं ते ग्रिफिद आप ल्यवेलिन या राजाला, आणि तेही १०६३ पर्यंतची जेमतेम काही वर्षं. शेवटी त्याला मारलं त्याच्याच लोकांनी.

हे राजे खरंच इतके भांडायचे, की ही नंतरच्या लेखकांची करामत?

भांडायचे. याची साक्ष त्याच काळातल्या माणसाने दिली आहे. सहाव्या शतकातल्या गिल्डास या धर्मपुरुषाने ब्रिटनच्या नाशावर एक लॅटिन ग्रंथ लिहिला आणि त्यात आपल्या काळच्या पाच राजांना नावानिशी झोडपलं. डवेदच्या राजाला तो चित्त्याची उपमा देतो आणि म्हणतो, केस पांढरे झाले तरी पापं थांबली नाहीत. ग्विनेदचा माइलगुन याला तो ‘बेटाचा ड्रॅगन’ म्हणतो. काकाला मारून गादी घेतली, मग पश्चात्तापाने मठात गेला, तिथून परत आला, बायकोला आणि पुतण्याला मारलं आणि पुतण्याच्या विधवेशी लग्न केलं, अशी आरोपांची यादीच आहे. गिल्डास चिडून लिहितो, तेव्हा थोडं वजा करून वाचायला हवं. तरी उरतं ते पुष्कळ आहे.

लोककथेतला माइलगुन वेगळा आहे आणि तिथे त्याचं थोडं कौतुकच दिसतं. सगळ्यांत मोठा राजा कोण, हे ठरवायला सारे सरदार डवी नदीच्या मुखाशी वाळूवर खुर्च्या टाकून बसले. भरती आल्यावर जो शेवटपर्यंत बसून राहील तो श्रेष्ठ. पाणी चढायला लागलं तसे एकेक जण उठून पळाले. माइलगुनच्या खुर्चीला मात्र मेण लावलेले पक्ष्यांचे पंख बसवलेले होते. ती तरंगली. त्या किनाऱ्याला आजही ‘त्राइथ माइलगुन’, म्हणजे माइलगुनची वाळू म्हणतात.

पण राज्यांमधलं वैर खरं कसं होतं हे पाहायचं असेल तर मी लोकांना एका दगडापाशी नेतो. ल्हंगोल्हेन गावाजवळ एका टेकाडावर मोडका खांब उभा आहे, तो एलिसेगचा स्तंभ. नवव्या शतकात पोविसचा राजा कंगेन याने तो आपल्या पणजोबांच्या स्मरणार्थ उभारला. मूळचा तो क्रूस होता. वरचा भाग गेला, अक्षरंही आता वाचता येत नाहीत. मजकूर आपल्याला कळतो तो १६९६ मध्ये एडवर्ड लहुइड या विद्वानाने केलेल्या नकलेमुळे. त्यात पोविसचं राजघराणं अभिमानाने सांगतं की आम्ही व्होर्टिगर्न या ब्रिटिश राजाचे वंशज, त्याची राणी रोमन सम्राट मॅग्नस मॅक्सिमसची मुलगी, आणि त्यांच्या मुलाला संत जर्मेनसने आशीर्वाद दिला.

आता त्याच शतकात ग्विनेदमध्ये लिहिलेला ‘हिस्टोरिया ब्रिटोनम’, म्हणजे ‘ब्रिटनांचा इतिहास’ हा लॅटिन ग्रंथ उघडा. तिथे व्होर्टिगर्न हा सॅक्सन लोकांना घरात बोलावणारा देशबुडव्या. त्याच संत जर्मेनसच्या प्रार्थनेने आकाशातून आग पडते आणि व्होर्टिगर्न किल्ल्यासकट जळतो. आणि पोविसचे राजे कोणाचे वंशज? संताला वासराचं मांस खाऊ घालणाऱ्या एका नोकराचे. देव दीनाला उकिरड्यावरून उचलून राजांत बसवतो, हे बायबलचं वचनही लेखक जोडून देतो. संत एकच, राजा तोच, पण शेजारच्या राज्याच्या पूर्वजांवर चिखल कसा उडवायचा हे ठरवून लिहिलेलं. एकाने दगडावर कोरलं, दुसऱ्याने चर्मपत्रावर उतरवलं. आर्थरचं नाव ज्या जुन्या ग्रंथात पहिल्यांदा ठळकपणे येतं तो हाच ग्रंथ, हे विसरू नका.

मग आर्थर यांपैकी कुठल्या राज्याचा राजा?

कुठल्याच नाही, आणि माझ्या मते यातच सगळं गमक आहे. ग्विनेद, पोविस, डवेद यांच्या राजवंशावळी जपलेल्या आहेत. त्यांत गादीवर बसलेला प्रसिद्ध आर्थर सापडत नाही. ‘हिस्टोरिया ब्रिटोनम’ त्याला राजा म्हणतही नाही. तो ‘ब्रिटनांच्या राजांबरोबर’ लढला आणि ‘लढायांचा नायक’ होता, एवढंच त्यात आहे. कुणा एकाचा नव्हता म्हणून तो सगळ्यांना आपला म्हणता आला. ग्विनेदच्या माणसाला पोविसचा वीर चालला नसता. आर्थर चालला.

वेल्श ‘त्रिपदी’ म्हणजे तीन-तीनच्या गटात बांधलेल्या आठवणी. त्यांत त्याचे तीन दरबार सांगितले आहेत: एक वेल्समध्ये मिनिव इथे, एक कॉर्नवॉलमध्ये, एक उत्तरेत. सगळीकडे घर, राज्य कुठेच नाही.

तो खरंच होऊन गेला का?

पुरावा थोडा आणि उशिराचा आहे. ब्रिटनांनी सॅक्सनांना हरवलं त्या बेडनच्या लढाईचा गिल्डास उल्लेख करतो, आर्थरचा करत नाही. साधारण ८३० मधला ‘हिस्टोरिया ब्रिटोनम’ त्याच्या नावावर बारा लढाया मांडतो आणि बेडनला त्याने एका हल्ल्यात ९६० माणसं पाडली म्हणतो. हा आकडाच सांगतो की आपण काव्याच्या हद्दीत आलो आहोत. दहाव्या शतकातल्या वेल्श वार्षिक नोंदींत ५१६ ला बेडन आहे आणि ५३७ ला कॅमलान, ‘जिथे आर्थर आणि मेद्राउत पडले’. मेद्राउत त्याचा शत्रू होता की साथीदार, हे ती नोंद सांगत नाही. पुढे त्याला विश्वासघातकी पुतण्या केलं ते इतरांनी. आजचे बहुतेक इतिहासकार आर्थरच्या अस्तित्वावर पैज लावायला तयार नसतात. मीही नाही. ज्या मुलखाने त्याला घडवलं तो मात्र पूर्ण खरा आहे.

वेल्सच्या डोंगरांत त्याच्या खुणा कोणत्या?

शेकड्याने सांगता येतील. मला भावणाऱ्या तीनच सांगतो.

पहिली बिएल्टमधली. दगडांचा ढीग आणि वरच्या दगडावर कुत्र्याच्या पंजाचा ठसा. आर्थरचा कुत्रा कावाल्ह रानडुकराच्या शिकारीत तिथे पाय देऊन गेला, असं ‘हिस्टोरिया ब्रिटोनम’ सांगतो. लोक तो दगड दिवस-रात्र घेऊन जातात, पण सकाळी तो पुन्हा ढिगावर असतो.

दुसरी एर्गिंगमधली, आता इंग्लंडच्या हद्दीत गेलेली. एका झऱ्याजवळ आमर नावाच्या तरुणाची कबर. हा आर्थरचा मुलगा, आणि त्याला मारलं खुद्द आर्थरने. का मारलं, याबद्दल ग्रंथात एक शब्द नाही. पुढे येतं ते कबरीच्या लांबीबद्दल. कधी सहा फूट भरते, कधी नऊ, कधी बारा, कधी पंधरा. एकदा मोजलेलं माप दुसऱ्यांदा मिळत नाही. आणि मग लेखक म्हणतो, ‘मी स्वतः पाहिलं आहे.’ बाराशे वर्षांपूर्वीचा एक माणूस काठी की दोरी घेऊन त्या गवतात वाकला असेल, मोजलं असेल, पुन्हा मोजलं असेल. आर्थरच्या सगळ्या साहित्यात मला याइतकं अंगावर येणारं वाक्य दुसरं माहीत नाही.

तिसरी एररीच्या, म्हणजे स्नोडोनियाच्या डोंगरावरची. रिता नावाचा राक्षस मारलेल्या राजांच्या दाढ्यांचा झगा शिवत असे. त्याने आर्थरला निरोप पाठवला, ‘तुझी दाढी दे, तू सगळ्यांत मोठा म्हणून ती सर्वांत वर लावतो.’ आर्थरने त्याला लोळवलं. वेल्सचं सर्वोच्च शिखर ‘अर विद्वा’, उंची १०८५ मीटर. नावाचा अर्थच थडगं, आणि लोक म्हणतात ते रिताचं. पुढच्या इंग्रजी कथांत हाच राक्षस ‘उत्तर वेल्सचा राजा’ होऊन आर्थरकडे दाढी मागतो. डोंगराचा राक्षस प्रतिस्पर्धी राजा झाला.

काही ठिकाणी आर्थर चक्क खलनायक आहे, हे खरं?

हो, संतचरित्रांत. अकराव्या-बाराव्या शतकात दक्षिण वेल्सच्या मठांनी आपापल्या संतांची चरित्रं लिहवून घेतली. मठाच्या जमिनीवर राजांनी हात टाकू नये, हा त्यामागचा रोकडा हेतू होता. मग मठाशी भिडणारा दांडगा सरदार म्हणून कोणाला उभं करायचं? सगळ्यांना माहीत असलेल्या आर्थरला.

संत पादार्नच्या चरित्रात आर्थर त्याचा सुंदर अंगरखा मागतो, नाही म्हटल्यावर थयथयाट करतो. संत म्हणतो, ‘धरणी याला गिळो.’ आणि आर्थर हनुवटीपर्यंत जमिनीत जातो. माफी मागितल्यावर सुटतो.

संत कादोगच्या चरित्रात तो मठात आश्रय घेतलेल्या माणसाच्या बदल्यात शंभर गाई मागतो, आणि गाई कशा हव्यात, तर पुढून तांबड्या आणि मागून पांढऱ्या. संताच्या कृपेने तशा गाई हजर होतात. आर्थरचे साथीदार कै आणि बेडविर शिंगं धरून त्यांना नदीतून ओढायला लागतात आणि अर्ध्या पात्रात गाईंच्या जागी हातात नेच्याच्या पेंढ्या उरतात.

त्रिपदींतही त्याची फजिती आहे. मार्ख राजाची डुकरं द्रिस्तान राखत होता, तेव्हा आर्थर, मार्ख, कै आणि बेडविर चौघांनी मिळून एक डुकरीण पळवायचा प्रयत्न केला. एकही मिळाली नाही.

ज्याच्या मागे आर्थर धावला तो रानडुक्कर कोण?

टुर्ख त्रुइथ. पूर्वी राजा होता, पापांमुळे डुक्कर झाला. त्याच्या कानांमधल्या कंगवा, कात्री आणि वस्तऱ्यासाठी आर्थरने सबंध दक्षिण वेल्स पालथा घातला. ही गोष्ट ‘किल्हुख आणि ओल्वेन’ या वेल्श कथेत आहे. डुक्कर आयर्लंडहून पोहत येऊन डवेदच्या पोर्थ क्लाइस बंदरात चढतो, प्रेसेलीच्या डोंगरांत आर्थरची माणसं मारतो, मग खोऱ्याखोऱ्यातून सेव्हर्न नदीपर्यंत आणि शेवटी कॉर्नवॉलच्या समुद्रात जातो. नकाशा समोर ठेवून वाचा. शिकारीच्या वाटेवरची गावं एकामागून एक भेटत जातात. प्रेसेलीत ‘आर्थरच्या मुलांचे दगड’ नावाचे दोन उभे दगड अजून आहेत.

याच कथेत एक प्रसंग आहे, तो वाचताना मराठी वाचक थबकेल. या शिकारीसाठी हव्या असलेल्या, पण हरवलेल्या माबोन नावाच्या शिकाऱ्याचा पत्ता कोणाला माहीत, म्हणून आर्थरचे लोक सर्वांत म्हाताऱ्या प्राण्याला विचारत जातात. कस्तुर पक्षी म्हणतो, मी इथे आलो तेव्हा लोहाराची ऐरण होती, रोज चोच पुसून पुसून ती सुपारीएवढी उरली, पण माबोन ऐकला नाही, माझ्याहून जुन्या हरणाला विचारा. हरीण घुबडाकडे पाठवतं, घुबड गरुडाकडे, गरुड साल्मन माशाकडे. मासा सांगतो. महाभारताच्या वनपर्वात स्वर्गातून पडलेला इंद्रद्युम्न आपली कीर्ती कोणाला आठवते हे शोधत असाच जातो: मार्कंडेय, घुबड, नाडीजंघ बगळा आणि शेवटी अकूपार कासव. तिथेही घुबड आहे आणि तिथेही शेवटचं उत्तर पाण्यातलाच जीव देतो.

मर्लिन वेल्सचा होता का?

आर्थरच्या कथांतल्या या जादूगाराचं नाव वेल्श आहे, ‘मर्दिन’. जुन्या कवितांतला मर्दिन हा ५७३ च्या आर्वदेरीदच्या लढाईनंतर वेडा होऊन उत्तरेच्या अरण्यात फिरणारा कवी, आर्थरशी संबंध नसलेला. जेफ्रीने त्याला व्होर्टिगर्नच्या गोष्टीतल्या मुलाशी जोडलं आणि आपल्याला माहीत असलेला मर्लिन तयार झाला. कारमार्थन शहराचं वेल्श नाव ‘काइरव्हर्दिन’. लोकांनी त्याचा अर्थ ‘मर्दिनचा किल्ला’ लावला. खरं तर ते रोमन काळातल्या ‘मोरिडुनुम’चं, म्हणजे सागरकिल्ल्याचं झिजलेलं रूप.

आणि लाल ड्रॅगन?

व्होर्टिगर्न एररीत किल्ला बांधत होता आणि बांधलेलं रात्रीत नाहीसं व्हायचं. बिनबापाच्या मुलाचं रक्त शिंपडा, असं मांत्रिकांनी सांगितलं. ग्लवसिंगमध्ये चेंडू खेळताना सापडलेला एक पोरगा आणला गेला. त्याने उलट मांत्रिकांनाच विचारलं, खाली काय आहे सांगा. त्यांना येईना. खणलं तर तळं निघालं आणि त्यात दोन नाग-ड्रॅगन, एक लाल, एक पांढरा. पांढरा सॅक्सनांचा, लाल ब्रिटनांचा. आधी लाल मागे हटला, शेवटी त्याने पांढऱ्याला हुसकलं.

ती टेकडी बेदगेलेर्टजवळची दिनास एमरिस. १९५४ ते १९५६ मध्ये तिथे उत्खनन झालं तेव्हा माथ्यावर खरोखरच एक पाण्याचं कुंड आणि रोमनोत्तर काळातल्या वस्तीच्या खुणा मिळाल्या. ड्रॅगन निघाले नाहीत, पण कथाकाराला जागा नीट माहीत होती. लाल ड्रॅगनचा ध्वज वेल्सला अधिकृतपणे मिळाला तो १९५९ मध्ये.

कॅमेलॉट म्हणजे कारलीऑन का?

नाही, पण कारलीऑन कॅमेलॉटच्या आधीचं. ११३६ च्या सुमारास जेफ्रीने आर्थरचा सर्वांत भव्य दरबार अस्क नदीकाठच्या कारलीऑनला भरवला. कॅमेलॉट हे नाव त्यानंतर काही दशकांनी फ्रेंच काव्यात उगवलं. जेफ्री मॉनमथचा, म्हणजे जवळपासचाच. इ.स. ७५ च्या सुमारास इथे दुसऱ्या ऑगस्टा लीजनचा, म्हणजे रोमन पलटणीचा तळ बसला होता आणि त्याचे अवशेष जेफ्रीच्या काळी नजरेत भरत असत.

गावाबाहेर गवताने भरलेला एक गोल खळगा होता. लोक त्याला ‘आर्थरचं गोल मेज’ म्हणायचे. १९२६-२७ मध्ये खणल्यावर त्यातून साधारण सहा हजार प्रेक्षकांचं रोमन अँफिथिएटर, म्हणजे उघडं गोल प्रेक्षागृह बाहेर आलं. हे काम मॉर्टिमर आणि टेसा व्हीलर या दांपत्याचं, आणि प्रत्यक्ष देखरेख मुख्यतः टेसाबाईंची. हेच मॉर्टिमर व्हीलर पुढे १९४४ ते १९४८ भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक होते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचा पाया घालणारे ह. धी. सांकलिया इंग्लंडमध्ये शिकत असताना व्हीलरांच्याच मेडन कॅसलच्या उत्खननात तयार झाले. महाराष्ट्रातल्या उत्खननांची एक मुळी अशी तिथवर पोहोचते.

वेल्सचा वीर इंग्लंडच्या राजांनी का उचलला?

कारण तो हातचा सोडला तर वेल्श लोक त्याच्या परतण्याची वाट पाहत राहिले असते. ११९१ मध्ये इंग्लंडमधल्या ग्लॅस्टनबरी मठाने आर्थरची कबर सापडल्याचं जाहीर केलं. १२७८ मध्ये पहिल्या एडवर्डने तिथल्या अस्थी समारंभाने पुन्हा पुरल्या. १२८२ च्या ११ डिसेंबरला ल्यवेलिन आप ग्रिफिद मारला गेला आणि काही महिन्यांतच ग्विनेद पडलं. पुढच्या वर्षी ‘आर्थरचा मुकुट’ म्हणून जपलेला दागिना एडवर्डच्या हाती गेला, आणि १२८४ मध्ये त्याने नेविन इथे, ग्विनेदच्या भूमीवर, ‘गोल मेज’ नावाचा शस्त्रखेळांचा उत्सव केला. हे वाचताना मला अजूनही वाईट वाटतं. जमीन घेतली, राजा मारला आणि वर गोष्टही घेतली. दोनशे वर्षांनी वेल्श वंशाचा सातवा हेन्री लाल ड्रॅगन घेऊन इंग्लंडच्या गादीवर बसला आणि १४८६ मध्ये जन्मलेल्या थोरल्या मुलाचं नाव त्याने आर्थर ठेवलं. तो मुलगा राजा होण्याआधीच गेला.

लान्सलॉट, होली ग्रेल हे वेल्श आहेत का?

गोल मेजावरचा सरदार लान्सलॉट वेल्श नाही. ग्रेलची, म्हणजे येशूच्या पवित्र पात्राची मुळं वेल्श कढईच्या कथांत असावीत असा एक मतप्रवाह आहे. ‘आन्नून’ या परलोकातून जादूची कढई आणायला आर्थर तीन जहाजं भरून माणसं नेतो आणि फक्त सात परततात, अशी एक जुनी कविता आहे. ग्रेल शोधणारा पर्सिव्हल मात्र फ्रेंच काव्यातही ‘वेल्शमन’च आहे.

खेळांत आणि कादंबऱ्यांत कंब्रिया रानटी टोळ्यांचा मुलूख दाखवतात. बरोबर आहे का?

डोंगर आणि वैर बरोबर, रानटीपणा चूक. दिनास पोविस या छोट्याशा टेकडीकिल्ल्यात भूमध्य समुद्राकडून आलेल्या मद्य-तेलाच्या कुंभांचे तुकडे आणि खंडातल्या काचेचे चषक सापडले आहेत. कोरीव लॅटिन शिळा आहेत, मठ आहेत, पुढे हवेल दा राजाच्या नावाने ओळखली जाणारी कायद्याची संहिता आहे. कुठल्याही राज्यात दरबारी कवीला ठरलेलं आसन होतं.

आर्थर पुरला कुठे?

कॅमलान नावाची एक दरी दिनास मौद्वीजवळ आहे, पण लढाई तिथलीच असं म्हणता येत नाही. तिथून वाचलेल्यांत ‘किल्हुख’ची कथा दोघांची मजेदार कारणं देते. एक इतका कुरूप की सैतान समजून कोणी वार केला नाही, एक इतका देखणा की देवदूत समजून कोणी केला नाही. १२५० च्या सुमाराच्या कारमार्थनच्या काळ्या पोथीत वीरांच्या कबरींची कडवी आहेत. अमका इथे, तमका तिथे. आर्थरपाशी आल्यावर कवी फक्त म्हणतो की त्याची कबर सापडणं जगाला अवघड आहे.

वाचायला आणि पाहायला सुरुवात कुठून करू?

वाचायचं तर ‘मॅबिनॉगियन’ या वेल्श कथासंग्रहातली ‘किल्हुख आणि ओल्वेन’ आधी, मग ‘हिस्टोरिया ब्रिटोनम’मधला चमत्कारांचा भाग, जो अर्ध्या तासात होतो. दोन्हींची इंग्रजी भाषांतरं मिळतात. जेफ्री त्यानंतर.

जायचं तर दक्षिणेत कारलीऑन, ईशान्येला एलिसेगचा स्तंभ, वायव्येला दिनास एमरिस. तिन्ही एका दिवसात करायला जाऊ नका, मधे तेच डोंगर आहेत. अर विद्वाच्या माथ्याजवळपर्यंत १८९६ पासून छोटी रेल्वे जाते. पाय चांगले असतील तर चालत चढा आणि हवामान आधी पाहून घ्या. ढग तिथे भर उन्हाळ्यातही अचानक उतरतात.